मयुरीच्या हातात न वाजलेला वोक

लिहून ठेवणार मी, रतिलाल वना बऱ्हाटे, वय ७१, धंदा भांडीविक्री, राहणार पिंप्राळा, जळगाव. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून नाही, नशापाणी करून नाही, तर सकाळचा चहा घेऊन स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कान शाबूत असल्याचा दाखलाही मी मुद्दाम काढून जोडला आहे. वकीलसाहेब हसले. पुढचं वाचल्यावर हसणार नाहीत.

१. पिंप्राळ्यातलं राहतं घर सून सौ. सुनंदा व मुलगा हितेंद्र यांना निम्मं-निम्मं. सुनेचं नाव आधी लिहिलं आहे, ते चुकून नाही.

२. बँकेतल्या ठेवी नात मयुरीच्या. कागद लोखंडी कपाटात आहेत.

३. चाळीसगावच्या एका ठोक व्यापाऱ्याने १९८६ साली मला तडे गेलेल्या चाळीस कढया तेलकाजळ फासून दिल्या होत्या. मी एकेक वाजवून सदतीस परत केल्या. तेव्हापासून तो मला ओळख देत नाही. माझ्या दहाव्याला आला तर त्याला पहिल्या पंगतीत बसवावं आणि आग्रह करून वाढावं.

४. माझी विद्या दुकानाबरोबर जाऊ नये म्हणून लिहून ठेवतो. घरातली पहिली कढई घेताना लोक चकाकी बघतात. चकाकी दोन महिन्यांत जाते. दोघांच्या संसाराला दहा इंच पुरे. गॅसवर ठेवायची तर बूड जरासं सपाट असावं. जिला रांधायचं आहे तिनेच ती एका कानाला धरून अधांतरी लटकवावी, आणि दुसऱ्याने चिंचेच्या दांडीने बुडाजवळ टोला द्यावा. आवाज लांब जाऊन बारीक होत विरला पाहिजे. टचकन तुटला तर आत तडा आहे. माझ्या धंद्यात पन्नास वर्षं हीच रीत: गिऱ्हाईक धरणार, मी वाजवणार.

५. आता जे कोणालाच सांगितलं नाही ते.

१९७९ साली मी सायकलवर कढया बांधून पिंपळनेरच्या बाजारात बसायचो. एका नव्या सुनेने कढई धरली, मी टोला दिला. मनगटाला झटका बसला, पण आवाज आला नाही. तुटका नाही, बद्द नाही. नाहीच. तिची सासू मात्र म्हणाली, "चांगली वाजस. हाईच दे." मला वाटलं, बाजाराचा गलका. मी दिली. होळीच्या आधी तीच सासू कढई मोडीत घालायला आली. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, "सून गई मनी." म्हणजे तिची सून वारली होती.

१९९८ साली या घरात राहायला आलो. माझी बायको बेबाबाई नव्या स्वयंपाकघरासाठी कढई घ्यायला दुकानात आली. तिने धरली, मी वाजवली, आवाज नाही. दुसरी दिली, तिसरी दिली. पाच बदलल्या. ती म्हणाली, "अहो, पाचही वाजल्या की. दुसरी बाई असती तर पहिलीच गळ्यात मारली असती तुम्ही." मी हसलो. त्या कढईत दोनदा पिठलं झालं. बाराव्या दिवशी बेबाबाई गेली. कढई बदलून काही होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या गुरुवारी मयुरी आली. येत्या ३ मार्चला तिचं लग्न आहे, मग पुण्याला बिऱ्हाड.

"आबा, कढई नको. वोक पाहिजे. लांब दांड्याचा."

"नाव बदललं म्हणून लोखंड बदलतं का गं?"

"तुम्ही वाजवा तर. भाषण नंतर."

तिने दांड्याला धरला. मी टोला दिला.

मी दुकानातला सगळा माल तिच्या हातात दिला. वोक, कढया, तवे, शेवटी पितळी पातेलंसुद्धा. पोरगी घामाघूम झाली. "आबा, सगळंच तर वाजतंय! तुम्हाला पसंत काय पडत नाहीये?" रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न मला ऐकू येत होते. शेजारच्या भिकमचंदभाऊंच्या कापडाच्या दुकानातली कात्री ऐकू येत होती.

मी धंदेवाला माणूस. सौदा मोडता येत नसेल तर माल दुसऱ्याच्या नावावर होतो का, ते बघावं. दुसऱ्या दिवशी समाधानला बोलावलं. आमच्या भांड्यांवर नावं तोच घालतो. त्या पहिल्या वोकवर त्याच्याकडून छिन्नीने माझं पूर्ण नाव खोल ठोकून घेतलं. मग मयुरीच्या हातात दिला आणि वाजवला. वाजला! इतका लांब वाजला की कात्री थांबली. बाकीचा मालही तिच्या हातात एकेक करून वाजला. नंतर मी वोक स्वतः धरला आणि तिला टोला द्यायला सांगितलं. या वेळी आवाज तिलाही आला नाही.

"आबा, हसताय काय?"

"काही नाही. चांगला माल आहे."

६. दुकान हितेंद्रचं, पण एका अटीवर. हितेंद्र, मोडीत आलेल्या भांड्यांवरची नावं बफच्या मशीनवर घासून घालवायची आणि माल नवा म्हणून विकायचा, ही तुझी चलाखी मला ठाऊक आहे. मशीन मागच्या खोलीत चालायचं तरी मला ऐकू यायचं. बापाने डोळेझाक केली, ती त्याची चूक. या वोकला मात्र मशीन लावायचं नाही. माझं नाव पुसलं गेलं तर तो कोणाच्या नावावर जाईल, हे तुला वेगळं सांगायला नको. तू तिचा बाप आहेस. माझ्यामागे आपल्या यावलच्या शेतात पुरुषभर खड्डा खणून वोक पुरावा, विकू नये, दान देऊ नये. हे तेराव्याच्या आत झालं नाही तर दुकान मयुरीचं.

७. मयुरीसाठी दुसरा वोक निवडून बाजूला ठेवला आहे. त्यावर कोणाचंही नाव घालू नये, आशीर्वादाचंसुद्धा नाही.

८. समाधान साक्षीदार आहे. साक्षीदार वाटेकरी नसावा म्हणतात, म्हणून त्याला मृत्युपत्राने काही देत नाही. माझी स्कूटर कालच देऊन टाकली.

९. लग्नाला वीस दिवस आहेत. माझा अनुभव बारा दिवसांचा आहे. तेव्हा मी आधी गेलो तर तारीख पुढे ढकलू नये. सुतकाचं काय करायचं ते भटजींना विचारावं, पण हॉल सोडू नये. मयुरीला रडायचं असेल तर तिने पुण्याला जाऊन रडावं, आणि रोज दोन्ही वेळा जेवावं.

हे सर्व मी वाचून पाहिलं, बरोबर आहे, आणि साक्षीदारांसमोर सही करतो.

पिंप्राळा, जळगाव
दिनांक ११ फेब्रुवारी २०२५

(सही) रतिलाल वना बऱ्हाटे

साक्षीदार १: समाधान चिंधा कोळी. वोकवर नाव मीच ठोकलं. रतिलालभाऊंनी आज तो आम्हा दोघांसमोर स्वतः धरला आणि मला वाजवायला लावला. मी तीनदा मारला. हाताला कळलं, कानाला नाही. (सही)

साक्षीदार २: भिकमचंद, कापड दुकानदार, शेजारी. वरीलप्रमाणे मीही ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही. नंतर रतिलालभाऊ म्हणाले, "तुम्ही पण एकदा धरून बघा की." मी धरला नाही. (सही)