कायटनची किनार

नागपूर, सोमवार, ११ फेब्रुवारी १९७४

अजून डोकं तडकलेलंच आहे.

आज प्रॅक्टिकलला सरांनी दोन वाळलेले कायटन ओळखायला दिले. समुद्रखडकांना चिकटणारे हे शिंपल्यांचे भाऊबंद, पाठीवर आठ पट्ट्या. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांत दोघांचं नाव एकच. मी म्हटलं, "सर, हे वेगळे आहेत. आठ पट्ट्या तर सगळ्याच कायटनले असतात. किनार पाहा." एकाची किनार खवल्यांची, दुसऱ्याच्या किनारीवर केसांचे झुपके. आंधळ्यालाही कळेल!

सर म्हणाले, "किनारा समुद्राला असतो, किनार लुगड्याला. आणि कायटनले नाही, कायटनला." सगळा वर्ग हसला. डब्यात मात्र एकानंही वाकून पाहिलं नाही. माझ्या जर्नलमधली दोन्ही नावं सरांनी लाल शाईनं खोडली. एकच नाव लिहून आण, नाहीतर सही नाही. सही नाही म्हणजे परीक्षाच नाही.

घरी येऊन जर्नलमधली दोन्ही चित्रं बाबांपुढे ठेवली. उमरेडला जन्मभर हातमागावर लुगडी विणलेले बाबा, आता इथंच असतात. समुद्र कधी पाहिला नाही. मी काही सांगायच्या आतच त्यांचं बोट काठावरून फिरलं. "हे एका जातीचे नाहीत वं. किनार नाही पाहून राहिली काय तू?"

मीच तर पाहून राहिली, बाबा!

नवं पान घेतलं. दोन्ही चित्रं पुन्हा काढली, नावंही तीच दोन. मग त्या इंग्रजी जर्नलात काठाकडे बाण काढला आणि ठसठशीत मराठीत लिहिलं: किनार.