तेराव्याच्या वाद्या

ओरुलाई, २४ जानेवारी

चिरंजीव प्रेदू यास, गोनारियोदादाचे आशीर्वाद.

(‘चिरंजीव’ हा शब्द मी तुला चाळीस वर्षं डोळे मिटून लिहीत आलो. या खेपेला तेवढ्या एका शब्दाला पाऊण तास लागला. का, ते पुढे येईलच.)

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही मंडळी लिएजला खुशाल असाल, खाणीतला खोकला आता त्रास देत नसेल, असं मी धरून चालतो. ‘धरून चालतो’ म्हणायचं कारण, तुझं शेवटचं कार्ड आलं त्याला नऊ वर्षं झाली. त्यावर बर्फातलं चर्च होतं आणि मागे ‘सर्व ठीक’ एवढे दोनच शब्द. त्यानंतर मी अकरा पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही, पण एकही पत्र परतही आलं नाही. तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलेला माणूस मी, मला एवढं कळतं की जे पत्र परत येत नाही ते कुणाच्या तरी हाती पडलेलं असतं. ते हात कुणाचे, हे मात्र पोस्टाला कळत नाही. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. तुझी आई, म्हणजे माझी माल्लेनामावशी, अठ्ठ्याऐंशीची झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ पूर्वीइतकीच स्वच्छ. नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे तिने मेलेल्यांचं पान मांडलं : तुझ्या वडिलांसाठी शेवया, रोटी, दारूचा पेला, आणि सुरी अर्थातच नाही. (लहानपणी तू त्या टेबलावर स्वतःची खिशातली सुरी विसरलास आणि तिने तुझ्या थोबाडीत दिली होती, ते आठवतं? “मेलेल्यांच्या पानावर पातं ठेवतोस, मेल्या!” असं ती ओरडली आणि ‘मेल्या’ म्हणाल्याबद्दल मग स्वतःच रडत बसली.)

आता मूळ गोष्ट. तीन वर्षांमागे शेजारच्या लोक्केरी गावाने चौकात एक पाटी लावली. तिच्यावर त्यांच्या मुखवट्यांच्या सणाचा उगम दिला होता आणि तो तीन हजार वर्षांपूर्वीचा होता. आपले मेयर अंतिओकू ती पाटी वाचून आले ते तडक माझ्या घरी.

“गोनारियो, गावातलं सगळ्यात जास्त लिखाण तुझ्या हातून गेलंय. आपल्या सणाचा उगम लिहून दे.”

“हातून गेलंय रे, पण ते माझ्या हातचं नव्हतं. मी फक्त शिक्के मारले.”

“तेच ते. गुरुवारपर्यंत दे. पाटी रंगवणारा शुक्रवारी येतोय.”

“किती जुना पाहिजे?”

“साडेतीन हजार तरी हवा. लोक्केरीचं तोंड बंद झालं पाहिजे.”

मी प्रामाणिकपणे चौकशीला निघालो. सणाला पाठीवर घंटा तर मीही बांधल्या आहेत, पण का बांधल्या, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. चर्चची घंटा वाजवणारा म्हणाला, संत अंतोनीने नरकातून विस्तव चोरून आणला तेव्हा त्याच्यामागे जी भुतं लागली, तीच आपले मुखवटेवाले मुके. पावाच्या भट्टीवरच्या बाईने सांगितलं की समुद्रावरून आलेल्या चाच्यांना पकडून गावकऱ्यांनी बैलांसारखं गावभर फिरवलं, त्याची ही आठवण. बांतिनेआजोबा एक्क्याण्णव वर्षांचे. त्यांच्याकडे मी सगळ्यात शेवटी, मोठ्या आशेने गेलो.

“माझा बाप बांधायचा, म्हणून मी बांधल्या,” ते म्हणाले.

“आणि तुमचा बाप कशासाठी बांधायचा?”

“थंडी वाजायची त्याला. तीस किलोच्या घंटा पाठीवर घेऊन मेंढीच्या कातड्यात दोन तास उड्या मार, मग सांग मला थंडी.”

यातल्या एकानेही साडेतीन हजार भरत नव्हते. शेवटी बुधवारी संध्याकाळी मी बसलो आणि उगम सरळ मनाने रचला. असा : फार पूर्वी या गावात प्रेदू नावाचा एक मेंढपाळ होता. सणाच्या दिवशी, भर चौकात, गाव त्याला हसलं. तो मुखवट्यासकट गाव सोडून गेला तो परतला नाही. गावाला शरमेने वाचा राहिली नाही, म्हणून आजही मुखवटा घातलेला बोलत नाही आणि त्यांना मुके म्हणतात. बारा मुके चालतात आणि रांगेच्या शेवटी तेराव्याची जागा मोकळी सोडतात. (लोक्केरीत बाराच चालतात. एक जास्त असावा, एवढाच माझा हेतू होता.)

तुझंच नाव का घातलं, असं विचारशील. मेयरनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, टाकाखाली पहिलं आलं ते लिहिलं. तुला खरं सांगतो. गाव ज्याला हसलं त्याचं नाव लिहायला गेलो तर मला दुसरं कुठलं नाव येईना. तू आणि मी जोडीदार होतो. माझ्या घंटांच्या वाद्या तू बांधायचास आणि तुझ्या मी, गुडघा पाठीत रोवून, दम कोंडेपर्यंत. आणि त्या वर्षी, आदल्या दिवशी मेंढ्यांच्या कातरणीवरून आपलं वाजलं म्हणून, मी तुझी डावी वादी एक भोक ढिली ठेवली. फक्त एक भोक. थोडं लंगडं वाजेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण चर्चसमोरच्या उडीला तुझ्या सगळ्या घंटा खाली आल्या. घंटा पडलेला माणूस आपल्याकडे मरेपर्यंत घंटा पडलेलाच राहतो. गाव हसलं, आणि मीही हसलो, कारण हसलो नसतो तर लोकांना कळलं असतं. आठवड्याने तू बेल्जियमला, लिएजच्या खाणीत कामाला गेलास. हे चाळीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. पाटीवर लिहिलं तेवढंच.

पाटी लागली आणि लोकांना ती फार आवडली. पहिल्याच वर्षी दारोदारी मुक्यांना दारू देताना बायका तेराव्यासाठी एक पेला जास्त भरू लागल्या आणि तो उंबऱ्यावर ओतू लागल्या. हे मी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी बांतिनेआजोबांना बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगताना मी स्वतः ऐकलं, “माझी आजी अस्साच पेला ओतायची.” मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं बोलत नव्हते, प्रेदू. त्यांना आजी ओतताना दिसत होती.

आता यंदाचं. सतरा तारखेला दुपारी तीनला मुके निघाले. धुकं चौकात उतरलं होतं, पण ऊन मधूनमधून येत होतं, म्हणजे मला दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. तुला ठाऊकच आहे, बारा जणांचं पाऊल एकदम पडतं आणि सगळ्या घंटा मिळून एकच आवाज होतो. यंदा तो आवाज झाला की त्याच्यामागून आणखी एक, लंगडा, उशिरा. मला वाटलं, भिंतीवरून परत येतोय. मग मी भिंतीपासून लांब मोकळ्यावर जाऊन उभा राहिलो. तरी आला. मी रांग मोजली. पुढून तेरा भरले आणि मागूनही तेराच.

मेयर शेजारी उभे होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “वा गोनारियो, झकास! पण आधी बोलायचंस ना, पेपरवाले बोलावले असते.”

“मी नाही केलं. मला वाटलं तुम्ही केलंत.”

ते थोडा वेळ हसतच राहिले, मग हसणं कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. कारण जे मला सुचलं तेच त्यांनाही सुचलं असणार. मुखवटा कुणीही घालील, कातडं कुणीही पांघरील. पण घंटा स्वतःच्या स्वतः बांधता येत नाहीत. मागून ओढायला दुसरा लागतोच. बारा म्हणजे सहा जोड्या. नंतर मुक्यांच्या मंडळाच्या घरात मी एकेकाला विचारलंही, सगळ्यांनी आपापल्या जोडीदाराला बांधलं होतं. मग तेराव्याच्या वाद्या कुणी बांधल्या?

रांग तुझ्या आईच्या दाराशी आली. मावशी मनुक्यांच्या वड्या आणि तेरा पेले घेऊन उंबऱ्यावर उभीच होती. बारा जणांनी मुखवटा हनुवटीवर सरकवून पेला रिकामा केला. तेराव्याने मुखवटा हलवला नाही. पेला फक्त तोंडाजवळ नेला आणि परत दिला. तो रिकामा होता. मुखवट्याच्या लाकडावर थेंब नव्हता, उंबऱ्यावरही नव्हता. मी त्याच्या मागे हातभरावर होतो. त्याची डावी वादी एक भोक ढिली होती.

माझे हात आपोआप पुढे गेले, प्रेदू. चाळीस वर्षांपूर्वीची सवय म्हण किंवा दुसरं काही. मी गुडघा त्याच्या पाठीत रोवला आणि वादी ओढली.

“ओढ, गोनारियो,” मावशी म्हणाली, “माझ्या हातांत आता पहिला जोर नाही.”

“मावशी, या तू बांधल्यास?”

“नाहीतर कोण? दुपारी आला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला दिसत नसेल, पण पोराची पाठ कळत नाही होय?”

मी ओढत होतो. वादी येत होती. पहिलं भोक आलं, दुसरं, मग चौथं. माणसाच्या अंगाशी वादी थांबते, बरगडी लागते, तो कण्हतो. ही थांबेना. कातड्याच्या आत जे काही होतं ते जागा देत गेलं. शेवटच्या भोकाला मी कशीबशी अडकवली आणि हात काढला, तर तळवे गार पडले होते, विहिरीत बुडवल्यासारखे. तेव्हा तो वळला. काळा लाकडी मुखवटा नुसता माझ्याकडे झाला, थोडा खाली वाकला, जसं आपण वाद्या नीट बसल्या की जोडीदाराला वाकून दाखवायचो. मग रांग चालू लागली. त्यानंतर लंगडा आवाज आला नाही. तेराही एका पावलात वाजले, आणि इतकं सुरेख मी जन्मात ऐकलं नाही.

मंडळाच्या घरात बारा जण शिरले. मी दाराशी मोजत उभा होतो. मेयरचं आता म्हणणं आहे की हा लोक्केरीवाल्यांचा चावटपणा. तसं असेलही. पण दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या कोठीत गेलो. तुझ्या घंटा चाळीस वर्षं जिथे आहेत तिथेच, त्याच खुंटीला होत्या. धूळ नव्हती. डावी वादी शेवटच्या भोकात अडकवलेली होती. मी ती सोडवली नाही.

मावशी खूश आहे. दोन वेळा जेवते, दोनदा वाढून घेते, येईल त्याला सांगते की पोरगा येऊन गेला. असो. तुझ्या सौभाग्यवतीला आणि मुलांना (आता त्यांना मुलं असतील, त्यांनाही) आशीर्वाद. मोठ्यांचा लोभ मागायला तिकडे वर कुणी नाही, म्हणून तुझाच मागतो.

तुझा,
गोनारियोदादा

ता. क. मेयरनी कळवायला सांगितलं आहे की पाटीवर नाव वापरल्याबद्दल तुझी हरकत नाही असं लेखी हवं, सोबत तिथल्या नगरपालिकेचा हयातीचा दाखला. पाटीप्रमाणे तू साडेतीन हजार वर्षांपूर्वी गेलास, तेव्हा दाखला ताज्या तारखेचा असावा.

दुसरा ता. क. लोक्केरीने यंदापासून चौदावी जागा सोडायचं ठरवलं आहे. त्यांना सांगा कुणीतरी, नका करू म्हणून. मी सांगितलं तर त्यांना तो माझा मत्सर वाटतो.

तिसरा ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आज दुपारी मावशीकडे गेलो होतो. ती पुढच्या वर्षाची तयारी आत्तापासून करते आहे, म्हणते पुढच्या खेपेला त्याला बसवून जेवायला घालीन. हौसेने पान मांडून दाखवलं : शेवया, रोटी, पेला, घडी घातलेला रुमाल. मी म्हणालो, मावशी, सुरी राहिली. तिने माझ्या हातावर हात ठेवला, आणि रुमालाची घडी पुन्हा नीट केली.

तेव्हा माझं मागणं हेच आहे, बाकीचं सगळं पत्र त्याच्यासाठी लिहिलं. लिएजला असशील तर ये. सण बघायला नको येऊस, साध्या दिवशी ये, दारावर थाप मारून, तोंडाने बोलत. जेवायला बसलास की खिशातली सुरी काढ आणि तिच्या टेबलावर आपटून ठेव. ती थोबाडीत देईल. ती चपराक लागली, नीट आवाज होऊन लागली, की तू परत गेल्यावर पुढच्या पत्राला ‘चिरंजीव’ मी एका दमात लिहीन. आणि वादीचं जे काय बोलायचं ते तोंडावर बोल. मी पाठ करून उभा राहीन.