एका बोटाचा नमस्कार

बाबा, तुमचं गाव बरखास्त झालं. तुमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा आज सकाळी फोन आला होता. उरल्यासुरल्या मूठभर माणसांनी मत दिलं म्हणे, की पाण्याची टाकी आणि रस्त्यावरचे दिवे सांभाळणं आता झेपत नाही, तर कारभार जिल्ह्याकडे देऊन टाकू. हायवेवरची गावाच्या नावाची पाटीही उतरवणार आहेत. मी इथे सिंगापूरला, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये लेकीचा डबा भरत होते. डब्याला झाकण लावलं आणि ओट्याला टेकून रडले.

पुण्याहून उठून अमेरिकेतल्या त्या मक्याच्या शेतांत आपण जाऊन पडलो, तेव्हा मी माझ्या लेकीएवढीच होते. त्या गावाला डॉक्टर मिळत नव्हता, म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. पहिल्याच आठवड्यात आपण गाडीतून चाललोय, समोरून एक म्हातारा शेतकरी ट्रकमधून येतो आणि स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. "त्याला काहीतरी होतंय," म्हणत तुम्ही गाडी वळवता आणि त्याच्या पाठोपाठ थेट त्याच्या अंगणात. हातात बॅग, चेहरा गंभीर. "कुठे दुखतंय?" तो बिचारा गांगरून बायकोकडे बघतो, आणि बाई हसत सुटते. तिकडे रस्त्यात दिसेल त्याला असं बोट उचलायचं असतं, ओळख असो वा नसो. तो त्यांचा रामराम! तिने आपल्याला ॲपल पाय खायला घातला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, नवा डॉक्टर एका बोटावर धावत येतो. तुम्ही मात्र आईसमोर आठवडाभर तोंड लपवत होतात.

तेव्हा हायवे गावातूनच जायचा. मग नवा रस्ता लांबून काढला आणि गावाचा जीवच गेला. आधी खानावळ बंद पडली, मग शाळा. तरण्या पोरांनी शहर धरलं, जमिनी विकल्या गेल्या. आई म्हणायची, "आता तरी निघू या इथून." तुम्ही ऐकलं नाहीत. आई गेल्यावर मी इथून किती विनवण्या केल्या! लिफ्ट आहे, खाली क्लिनिक आहे, नात आहे. फोनवर तुम्ही म्हणालात, "अगं, तुमच्याकडे डॉक्टर पुष्कळ आहेत. यांना कोण आहे?" तुम्ही गेलात तेही तिथेच. तुमच्या अंत्ययात्रेत मागून गाड्यांची रांग लागली होती, आणि मी पुढच्या गाडीतून मागे वळून बघत होते. प्रत्येक स्टिअरिंगवर एक बोट वर.

मला त्या गावाचा भयंकर राग होता, बाबा. त्याने माझा बाप ठेवून घेतला. आता तेच गेलं, तर मला हलकं वाटायला हवं होतं. पण तुम्हाला ओळखणारं सगळंच पुसलं जातंय, आणि माझ्या लेकीला तर तुमचा चेहराही आठवत नाही. हे पत्र तरी कुठे टाकू? पाकिटावर लिहायला आता गावाचं नावही राहणार नाही.

रोज सकाळी लेकीला शाळेत सोडायला निघाले की बस येते आणि ड्रायव्हरकडे बघून माझं बोट आपोआप वर होतं. ती इथल्या इंग्रजीत वैतागते, "आई, अंकल डझन्ट ईव्हन नो यू, लाह!" मी हसून सोडून देते. तिला सांगत नाही, तुम्हाला सांगते. मी रामराम करत नाही, बाबा. कुणीतरी गाडी वळवेल, बॅग घेऊन उतरेल आणि कुठे दुखतंय म्हणून विचारेल, याची मी अजून वाट बघते.