पबच्या फळीवरची पाचवी बाटली

६ एप्रिल
आलो एकदाचे! नागोयापासून दोन तासांवर, डोंगरातलं गाव, आणि राहायला चक्क इंग्रजी पब. निहारचं विद्यापीठातलं कंत्राट संपलं, तेव्हा गावच्या कचेरीने हे घर फुकट देऊ केलं. अट एकच, पब चालू ठेवायचा. चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडहून परतलेल्या ओनो-साननी तो बांधला: ओकचा काउंटर, बिअरचे पितळी नळ, भिंतीवर कोल्ह्याच्या शिकारीची चित्रं. ओनो-सान धरून आजवर चार चालक झाले. शेजारच्या म्हाताऱ्या कितामुरा-साननी इथली रीत सांगितली. नव्या चालकाने पब उघडायच्या पहिल्याच दिवशी व्हिस्कीच्या बाटलीला आपल्या नावाचा लाकडी बिल्ला बांधून ती फळीवर ठेवायची. आधीच्या चौघांच्या बाटल्या तिथेच आहेत, रिकाम्या.

७ एप्रिल
निहार म्हणाला, "बिल्ल्यावर तुझं नाव लिही, अपूर्वा. मालकीण तूच."
आठ वर्षं याच्या नोकरीमागे शहरं बदलली, माझी लॅब सोडली, तेव्हा नाही सुचलं हे मालकीणपद. आता लाडात येतोय मेला. मी चिडून त्याचंच नाव लिहिलं आणि बाटली मागे सरकवून ठेवली. त्याला सांगितलं नाही.

१५ एप्रिल
आठवड्यात गिऱ्हाईकं सहा, सगळी बिअर पिणारी. निहारच्या बाटलीचं सील शाबूत आहे, तरी व्हिस्की चार बोटं उतरलीय. निहारला हल्ली सारखी तहान लागते.

२२ एप्रिल
बाटली अर्धी. निहारची पँट कमरेवर ठरत नाही. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत. आधीचे चालक कुठे गेले, असं कितामुरा-सानना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या की कुठे जाणार, इथेच संपले. बाटली संपते तसा माणूस संपतो. करारातच लिहिलेलं असतं म्हणे.
करार जपानीत आहे. मला बोलता येतं, वाचता येत नाही. निहारने वाचला होता.

२३ एप्रिल
विचारलं. रडला. म्हणाला, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण उगाच धोका कशाला — म्हणून बिल्ल्यावर माझं नाव हवं होतं त्याला. धोका नको, म्हणून बायको.
मग मी त्याला बिल्ला दाखवला.

२७ एप्रिल
दोन बोटं उरलीत. नवी व्हिस्की ओतून पाहिली, सकाळी पुन्हा तेवढीच. त्याला गाडीत घालून स्टेशनपर्यंत नेलं — त्याला श्वासच घेता येईना — परत आणला. कितामुरा-सान म्हणतात, नाव खोडून दुसरं लिहिता येतं. मग उरलेली दोन बोटं त्या माणसाची.
तो माझ्याकडे नुसता बघत राहतो. माझं प्रेम होतं त्याच्यावर. होतं. माझं नाव नाही लिहिणार मी.

२८ एप्रिल
एक बोट. घरातली सगळी पेनं माझ्या उशाखाली. कूस वळतानाही त्याला धाप लागते. मी त्याच्या शेजारी बसून रडले, पण पेन —

२९ एप्रिल, दुपार
डोळा लागला होता. निहार अंथरुणात नाही. उशाखालचं एक पेनही —
खाली पबमध्ये स्टूल सरकलं. हाक मारली. म्हणाला, काही नाही गं, पाणी पितोय. आवाज कसा खणखणीत — मला जिना उतरवत — घसा इतका कोर