ढिगातले म्हाकूळ

हाकल, लेबनॉन
२० सप्टेंबर १९९८

प्रिय नसीबदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पोरींना गोड पापा. क्रुसाचा सण झाला, सगळ्या डोंगरमाथ्यांवर जाळ पेटले होते. अंजिरं यंदा मोप आली. मुरंबा करून ठेवलाय, साओ पावलोला कुणी निघालं की पाठवते.

तुझा कागद मिळाला. आपला खाणीचा डोंगर खडीवाल्यांना द्यायचा, माझी सही हवी. बाबाही तुला फोनवर म्हणाले की खाणीत आता काही उरलं नाही, देऊन टाका. म्हणाले खरे. का म्हणाले, ते मी तुला कळवलं नव्हतं.

बाबांची दृष्टी गेलीय, दादा. वसंतातच. कुणाला सांगितलंस तर बघ, असं त्यांनी मला दटावलं होतं. तरी रोज खाणीत येतात. मी लादी फोडते, ते बोटं फिरवतात. आत दगड झालेला मासा असला की त्याचे काटे बोटांना लागतात, मग लगेच जातसुद्धा सांगतात. काही लागलं नाही की कोरी म्हणून ढिगावर फेकतात.

परवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या ढिगात एका लादीवर मला काहीतरी चमकताना दिसलं. म्हाकूळ! कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला. म्हाकुळासारख्या मऊ अंगाच्या प्राण्याला कुठले आलेत काटे? दगडावर नुसता कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर. पण नीट बघितलं तर पाठीतलं पातं, काळीकुट्ट शाईची पिशवी, पुढे हातांचा झुबका. वेड्यासारखी ढीग उपसत बसले. आणखी निघाले. सगळे बाबांनीच फेकलेले.

काल दिवसभर मी ते मनातच ठेवलं. सांगावं तर म्हातारा खचणार, न सांगावं तर डोंगर जाणार. शेवटी जेवताना सांगितलं.

"म्हणजे मी फेकले?"

"हो बाबा. तुम्ही फेकलेत."

ताट सारून उठले. मला रडू आवरेना, खोटं कशाला सांगू. सकाळी बघते तर अंथरूण रिकामं. भिंती चाचपत एकटेच खाणीवर पोचले होते आणि ढिगाशी बसले होते. वर मलाच झापलं.

"इतका वेळ लागतो होय गं यायला? लादी मी उन्हात तिरपी धरतो, तू बघ. आणि डाग दिसला की म्हाकूळ म्हणत सुटू नकोस. आधी पातं शोध."

आज दिवसभर आम्ही तेच केलं. माझे डोळे चुरचुरताहेत आणि त्यांचे हात भरून आलेत, पण उद्याही जाणार आहोत.

कागद सोबत परत पाठवतेय, सही न करता. मी आहे तोवर ती व्हायची नाही. वकील पाठव, नाहीतर स्वतः ये. आलास तर मला बरंच वाटेल.

रविवारी फोन कर. मी तुला सांगितलंय हे त्यांना कळू देऊ नकोस, डोळ्यांचं काही काढू नकोस. आज काय सापडलं, तेवढं विचार.

तुझी हट्टी,
वादाद