डाव्या हाताने घेतलेलं सोनं

दसरा, १९५५. दिवेलागण.

आज मी दसऱ्याचं सोनं डाव्या हाताने घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

चुलतभाऊ किसन आणि मी शेताच्या बांधाच्या भांडणावरून वर्षभर बोलत नाही. परवा चाकणच्या बाजारात कुणीतरी कानाशी लागलं, सणाच्या दिवशी किसन डाव साधणार म्हणून. मी ते खरं मानलं. का मानलं? रानडुकरांसाठी परवाना काढलेली बंदूक, सकाळी पुजली आणि दुपारी बार भरून ओसरीवर बसलो. मांडीवर बंदूक, वर घोंगडी.

किसन आला तो एकटाच. "दादा, आज तरी बोला की," म्हणाला आणि कमरेला हात घातला. माझं बोट चापावर गेलं. त्याने कनवटीची आपट्याची पानं काढली. मी डावा हात पुढे केला. उजवा निघेचना.

तो पाया पडायला वाकला तेव्हा घोंगडीखालची नळी त्याला दिसली. तिच्यावर सकाळचं कुंकू तसंच होतं.

"मला मारणार व्हता व्हय, दादा?" एवढंच बोलून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायको म्हणते, "आता तुमी जावा सोनं घिऊन. बंदूक हितंच ऱ्हाऊ द्या."

खरं आहे तिचं. पानं समोर ठेवली आहेत. उजव्या हातानेच देईन. पण आता त्याच्याही मांडीवर घोंगडी असली तर? तो कुठला हात पुढे करील?