चष्मा : नाही

२ मे, लोणार

आले एकदाची सासरी! मलकापूरहून निघालेली आमची गाडी मेहकरजवळ पंक्चर झाली, तरी गृहप्रवेशाची वेळ गाठली. उंबरठ्यावरचं माप मी इतक्या जोरात लवंडलं की तांदूळ थेट नणंदेच्या चपलेत. सुचिता खो खो हसली आणि तिथंच आमचं जमलं. मग सूनमुख झालं. सासूबाईंनी आरशात माझं तोंड पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "डोये पाहा बाई पोरीचे!" मागं उभा राहून माझा नवरा, प्रेम, उगाच घसा खाकरत होता.

मला मात्र आरशात स्वतःकडे बघवेना. हे डोळे लेन्सवर चालतात. नंबर उणे सहाच्या पुढं. ही मंडळी मुलगी पाहायला आली तेव्हा सरळ विचारलं होतं, चष्मा आहे का? माझ्या मामांनी "नाही" सांगून टाकलं. चष्मा तेव्हा मम्मीनं पिठाच्या डब्यात खुपसला होता. आधीची स्थळं चष्म्यावरूनच मोडली होती, म्हणून मीही मान खाली घालून पोह्यांच्या बशा फिरवल्या. तो चष्मा मलकापुरातच राहिला. प्रेमला सवडीनं सांगेन.

४ मे

घर मोठं, माणसं मायाळू, आणि एकांत औषधालाही नाही. नळ अंगणात, आरसा नळावर, आणि आरशापुढं कायम कोणीतरी. लेन्स काढायची म्हणजे बाथरूमला कडी लावून, हात साबणानं धुऊन, मोबाईलमध्ये तोंड पाहत. बाहेरून आतेसासूबाई विचारतात, "पोट बिघडलं का वो?" मी हो म्हणते. आता घरभर माझ्या पोटाची चर्चा आहे आणि रोज ओव्याचं पाणी प्यावं लागतं.

६ मे

बारा तारखेला सुचिताला पाहायला पाहुणे येणार, म्हणून घरात लगबग. तिची मैत्रीण संजीवनी स्टँडजवळ पार्लर चालवते. सुचितानं हट्ट धरला, वहिनी, तू खोट्या पापण्या लावून घे, तुले शोभतील. सासूबाईही सोबत आल्या.

आडवी झाले तेव्हा संजीवनीनं विचारलं, लेन्स आहेत का? असतील तर काढून ठेवा, गोंदाची वाफ लागते, मग आजचा दिवस घालू पण नका. सासूबाई पायाशीच बसल्या होत्या. मी म्हणाले, छे. एका शब्दाचं काम होतं, तेवढं केलं नाही. मग फोडणीत मिरची जळावी तसं आत झोंबत राहिलं. तिनं विचारलं, त्रास होतो का? मी म्हणाले, मुळीच नाही.

पापण्या दिसतात मात्र झकास. तिनं बजावलंय, चोळायचं नाही, तेल नाही, दुखलं तर लगेच यायचं. संध्याकाळी बायकांचा गराडा उठेना, तशीच लेन्स घालून झोपले.

८ मे

उजवा डोळा चिकटलेला. लेन्स काढताना बोटात पापण्याच येतात. लेन्सचं पाणी संपलं. नाक्यावरच्या मेडिकलात मिळेल, पण तो दुकानदार प्रेमचा वर्गमित्र. मग डबीत माठातलं पाणी घातलं. डॉक्टरांनी सांगितलेलं तोंडपाठ आहे मला. लेन्सला साधं पाणी लावायचं नाही. लाल डोळ्यात घालायची नाही. तरी घातली. तिच्याशिवाय ताटातली भाजी कुठली तेही कळत नाही.

एक बरं, पापण्या इतक्या दाट की लाली कोणाला दिसत नाही. लाज वाटते हे लिहिताना.

९ मे

उजेड सोसत नाही. मोबाईलमध्ये पाहिलं तर उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका. काचेवर असेल म्हणून मोबाईल पदरानं पुसला. ठिपका गेला नाही.

शेजारच्या बाया सून पाहायला आल्या. म्हणाल्या, डोळ्यांत पाणी कसं चमकते! पाणी नव्हतं ते.

१० मे

ठिपका पसरला. प्रेमला आज चेहरा नव्हता. शर्ट होता, आवाज होता, वर नुसती साय. त्यानं विचारलं, काऊन रडून राह्यली? मम्मीची आठवण, म्हणाले. त्यानं डोक्यावरून हात फिरवला. इतका चांगला माणूस, आणि मी—

मम्मीला फोन केला. म्हणाली, पाहुणे जाईपर्यंत सोस.

११ मे

लेन्स काढल्या. डबीत, माठातल्याच पाण्यात टाकल्या. आता नाही घालणार. आज सांगायचंच.

दुपार. सासूबाई खुर्चीत होत्या, हिरव्या साडीत. पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. मामा, पिठाचा डबा, पार्लर, माठाचं पाणी. डोळा जाईल माझा, दवाखान्यात न्या म्हणाले. त्या बोलेनात. पाय धरायला हात पुढं केले.

पाय नव्हते. खुर्चीवर इस्त्रीची साडी टाकलेली. सुचिताची, उद्याची.

मागून कोणीतरी श्वास घेतला.

सासूबाई दारात होत्या. सगळं ऐकलं होतं. रागावल्या नाहीत, शेजारी बसल्या. म्हणाल्या, उद्याचं होऊ दे, परवा नेतो तुले. मग अगदी हळू म्हणाल्या, "सुचिताले बी दूरचं दिसत नाही. आम्ही बी पाहुण्यांले नाहीच सांगितलं." मग विचारलं, तुह्या त्या लेन्सा दुसऱ्याले चालतात का?

मी नाही म्हणाले. मोठ्यानं म्हणाले का, की नुसती मान—

१२ मे

ओळी एकमेकींवर चढत असतील. डावाही अंधुक झाला. मला आतल्या खोलीत ठेवलंय. पाहुण्यांना सांगणार, सुनेचं पोट बिघडलं.

गाडी आली. पोह्यांचा वास.

उशाशी डबी नाही. गादीखाली नाही. उशीखाली—

खिडकीबाहेर नळ सुटला. डबीचं झाकण उघडलं. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

सुचिता विचारते, "वहिनी, उजव्या डोयाची कोणती वो?"

ओरडले तर पाहुणे ऐकतील. सगळ्यांना कळेल. कळू दे. कळू दे.

तोंड उघडलं. आवाज फुटत नाही. हात नुसता लिहितो आहे, सुचिता घालू नको, घालू नको सुचिता—

ती हसते आहे. म्हणते, "गेली बाई आत! थोडं झोंबून राह्यलं. असंच होते का वो, वहि—